वारा उत्तरेचा, मासा तळाशी

मार्च उजाडला की डॅलसच्या आसपासची आमची मराठी मंडळी तलावावर जायचे बेत आखू लागतात आणि मग मला फोन येतो. "दादा, शुक्रवारी रात्री वादळी पाऊस सांगितलाय, पण रविवारी लख्ख ऊन आहे. रविवारीच जाऊ या ना?" मुलांना घेऊन पाण्याकाठी डबा खायचा असेल तर रविवार उत्तम. पण बॅस गळाला लागावा असं मनापासून वाटत असेल, तर शुक्रवारी दुपारी कामावरून लवकर सुटता येईल का, ते मी आधी विचारतो. आपल्याला सुखाचा वाटणारा दिवस या माशाला बहुतेक वेळा नकोसा असतो. ते का, हे नीट कळलं की हवामानाचा अंदाज वाचायची रीतच बदलते.

आधी माशाची ओळख. भारतात हॉटेलात मिळणारा 'बासा' तो हा नव्हे. आमच्या रायगडच्या जिताड्याला बाजारात एशियन सीबास म्हणतात, त्याच्याशीही याचं नातं नाही. लार्जमाउथ बॅस हा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याचा, सनफिश कुळातला मासा. अंग हिरवट, कुशीवर काळपट पट्टा आणि तोंड इतकं मोठं की मिटलेल्या जबड्याचं टोक डोळ्याच्याही मागे जातं. दूरवर पाठलाग करत राहणं हा त्याचा स्वभाव नाही. बुडालेल्या झाडाच्या बुंध्याशी किंवा पाणवनस्पतींच्या कडेला तो दबा धरून बसतो आणि जवळून जाणारा शॅड किंवा ब्लूगिलसारखा छोटा मासा, नाहीतर क्रॉफिश हा झिंग्यासारखा जीव, एका झडपेत गिळतो.

माझा सर्वांत जास्त वेळ गेला तो लेक फोर्क या तलावावर. डॅलसच्या पूर्वेला, गाडीने दीडेक तास. 1980 मध्ये तयार झालेला हा धरणाचा तलाव सुमारे 27,000 एकरांवर पसरलेला आहे आणि बुडितात गेलेली बरीच झाडं न तोडता तशीच उभी ठेवल्यामुळे बॅसला दडायला जागाच जागा. टेक्ससचा विक्रमी बॅस, 18.18 पौंडांचा, म्हणजे जवळपास सव्वाआठ किलोचा, इथेच मिळाला. तारीख होती 24 जानेवारी 1992. भर हिवाळ्यातली. ही तारीख लक्षात ठेवा, कारण 'थंडीत बॅस मिळत नाही' असं ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात.

बॅसच्या अंगात स्वतःची शेगडी नाही. भोवतीचं पाणी जितकं गरम, तितकं त्याचं रक्त गरम. पाणी दहा अंश सेल्सिअसने तापलं की अशा प्राण्यांच्या शरीराचा कारभार ढोबळमानाने दुप्पट वेगाने चालतो. पंचवीस-सत्तावीस अंशांच्या पाण्यात बॅसला भूक वारंवार लागते, पचन भराभर होतं आणि आमिषामागे जोरात झेपावण्याची ताकदही असते. तेच पाणी सात-आठ अंशांवर आलं की एक गिळलेला शॅड त्याला कितीतरी दिवस पुरतो. तो खातच नाही असं नव्हे. पण आमिष अगदी तोंडासमोर, अगदी सावकाश आलं तरच तोंड उघडतो. म्हणून हिवाळ्यात जर्कबेट नावाचं आमिष दोन झटके देऊन पाण्यात स्थिर सोडतात आणि मनातल्या मनात दहा-पंधरा आकडे मोजतात. अधीर माणसाला हे जमत नाही.

इथे एक गोष्ट लोक नेहमी विसरतात. अंदाजात दिसतं ते हवेचं तापमान. पाणी आपल्याच चालीने चालतं. एक बादली पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत तीन हजारांहून जास्त बादल्या हवा तापेल. त्यामुळे फेब्रुवारीत एकच दिवस अठ्ठावीस अंशांचा आला म्हणून तलाव जागा होत नाही. तसे चार दिवस लागोपाठ आले, आणि मधल्या रात्रीही फार गारठल्या नाहीत, की उथळ पाणी तापू लागतं. तेही सगळीकडे सारखं नाही. दक्षिणेकडून येणारं ऊन ज्या काठावर दिवसभर पडतं आणि उत्तरेचा गार वारा ज्याला लागत नाही, तो खाडीसारख्या आत शिरलेल्या भागाचा उत्तर काठ सर्वांत आधी ऊब धरतो. मुख्य तलावापेक्षा तिथलं पाणी दोन-तीन अंशांनी गरम असू शकतं, आणि वसंताच्या सुरुवातीला बॅससाठी एवढा फरक पुष्कळ असतो.

पाणी सोळा-सतरा अंशांच्या आसपास स्थिरावलं की विणीचा काळ सुरू होतो. नर शेपटीने तळ झाडून वाटीसारखं घरटं करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि राखण करत नर थांबतो. अशात मोठी थंडी आली तर कधीकधी नर घरटं सोडून खोल पाण्यात निघून जातो आणि अंडी वाया जातात. वसंतातलं हवामान एका दिवसाच्या मासेमारीपुरतं नसतं. त्यावर पुढच्या पिढीचा हिशेब ठरतो.

आता त्या शुक्रवार-रविवारच्या कोड्याकडे येतो, कारण बॅसच्या हवामानशास्त्रातला सर्वांत रंगतदार भाग हाच.

टेक्ससमध्ये वसंतात आणि शरदात हवा एका लयीत फिरते. दोन-तीन दिवस मेक्सिकोच्या आखातावरून दमट, उबदार दक्षिणवारा वाहतो. ढग दाटतात, वायुदाब हळूहळू उतरतो. मग उत्तरेकडून थंड, जड हवेची भिंत सरकत येते. हवामानखात्याच्या भाषेत ती थंड आघाडी, इथल्या जुन्या लोकांच्या तोंडी 'नॉर्दर'. भिंत आदळते तिथे उबदार हवा वर फेकली जाते, गडगडाट होतो, पाऊस कोसळतो आणि काही तासांत वारा फिरून उत्तरेचा होतो. दुसऱ्या दिवशी आकाश धुतल्यासारखं निळं, हवा कोरडी, दाब चढलेला. ही उलथापालथ किती टोकाची असू शकते ते 11 नोव्हेंबर 1911 ला दिसलं. त्या दिवशी ओक्लाहोमा सिटीत दुपारी 83 अंश फॅरनहाइट होतं आणि मध्यरात्रीच्या आत पारा 17 वर उतरला. म्हणजे साधारण 28 अंश सेल्सिअसवरून उणे आठवर.

ही भिंत येण्याच्या आधीचे तास बॅससाठी सोन्याचे. पाणी गेल्या तीन दिवसांत तापलेलं असतं, ढगांमुळे उजेड मंद असतो, वाऱ्याने पृष्ठभाग हलत असतो. अशा वेळी बॅस दडण्याची जागा सोडून फिरतो. माझे सर्वांत चांगले दिवस जवळपास सगळे असेच होते: दक्षिणवारा, राखाडी आकाश, अंगाला चिकटणारी हवा. आणि सर्वांत रिकामे दिवस बरेचसे पुढच्या सकाळचे.

तलावकाठच्या दुकानात कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल: बॅरोमीटर, म्हणजे वायुदाब मोजणारं यंत्र. दाब उतरताना मासा खातो, चढला की तोंड मिटतो. कारण म्हणून त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीकडे बोट दाखवतात. ही पिशवी खरी आहे. बॅसची पिशवी बंद असते, घशाशी जोडलेली नसते. तिच्यात वायू भरणं-काढणं रक्तामार्फत, सावकाश होतं. त्यामुळे दाब बदलला की माशाला अवघडल्यासारखं होतं, असा हा तर्क.

मीही बरीच वर्षं हे मानत होतो. मग एकदा कागदावर हिशेब मांडला. पाण्यात दर दहा मीटरला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. हवामानखातं वायुदाब हेक्टोपास्कलमध्ये सांगतं, आणि एक हेक्टोपास्कल दाब म्हणजे जेमतेम एक सेंटिमीटर पाणी. जोरदार नॉर्दरने वायुदाब 1005 वरून 1030 वर नेला, तर तो फरक पंचवीस सेंटिमीटर पाण्याएवढा. एक वीतभर! आणि तोही एका दिवसात पसरलेला. शॅडच्या थव्यामागे बॅस एका दमात दोन-तीन मीटर वर येतो आणि पुन्हा खाली जातो. ज्याला दिवसातून अनेकदा दोन मीटर सोसतात, त्याला वीतभर पाण्याने दिवसभर मळमळावं, हे मला पटत नाही. शिवाय फरक जाणवलाच, तर वीतभर खाली-वर सरकून तो भरून काढता येतो.

मग बॅरोमीटर खोटा का? तो खोटा नाही. तो निरोप्या आहे. दाब उतरतोय म्हणजे ढग, वारा आणि मंद उजेड येताहेत. दाब चढलाय म्हणजे आकाश निरभ्र होणार, प्रखर प्रकाश खोलवर शिरणार आणि उथळ पाणी रात्रीत गारठणार. माशाला भोगावं लागतं ते या बदलांमुळे. हे लक्षात आलं की उपायही सुचतात. नुसता 'दाब वाढलाय' म्हणून कपाळावर हात मारून घरी बसायला नको. उजेड फार असेल तर सावली शोधायची, उथळ पाणी गार झालं असेल तर त्याच्या लगतची खोल कड शोधायची. आघाडीनंतरचा बॅस तलाव सोडून गेलेला नसतो. तो लाकडाला, गवताला किंवा तळाला चिकटून बसलेला असतो आणि त्याची पोहोच आखडलेली असते. काल तीन हातांवरून झेप घेणारा मासा आज वीतभर अंतरावरच तोंड उघडेल. म्हणून लहान, हलकं आमिष आणि संथ हात. साधा प्लॅस्टिकचा किडा तळावर पडू द्यायचा आणि दोरी सैल सोडून थांबायचं.

उजेडाचं थोडं अधिक सांगतो. माशाला पापण्या नसतात, आणि डोळ्याची बाहुलीही आपल्यासारखी लहान-मोठी होत नाही. मंद उजेडात बॅसला त्याच्या सावजापेक्षा बरं दिसतं, म्हणून पहाट, संध्याकाळ आणि आभाळ भरलेले दिवस त्याच्या फायद्याचे. ऊन चढलं की तो सावलीला टेकतो. हे मच्छीमाराच्या सोयीचंही आहे: ढगाळ दिवशी बॅस कुठेही असू शकतो, म्हणून भराभर फिरणारी आमिषं टाकत बरंच पाणी धुंडावं लागतं. निरभ्र दिवशी तो कुठे असेल ते त्यामानाने सांगता येतं. धक्क्याखाली, झाडाच्या सावलीच्या बाजूला, हायड्रिला या पाणवनस्पतीच्या दाट छताखाली. तिथे मासे कमी चावतील, पण निदान पत्ता ठाऊक असतो.

वाऱ्याबद्दल मात्र नवख्यांची समजूत बहुतेक उलटी असते. होडी सांभाळायला त्रास नको म्हणून ते वारा नसलेला आडोसा शोधतात. बॅस बहुधा समोरच्या काठावर असतो, जिथे लाटा आपटताहेत. वारा पृष्ठभागाचं पाणी आणि त्यातले सूक्ष्म जीव त्या काठाकडे लोटतो. त्यांच्यामागे शॅड येतात, शॅडमागे बॅस. लाटांनी उजेड तुटतो, काठाची माती थोडी ढवळते, सावजाचा गोंधळ उडतो आणि दबा धरणाऱ्याचं फावतं. वसंतात दोन दिवस दक्षिणवारा वाहिला की पृष्ठभागाचं उबदार पाणीही उत्तर काठाला साचतं. अशा वेळी पातं गरगरवणारा स्पिनरबेट त्या गढूळ पट्ट्यातून ओढावा. तो दिसण्याआधी पाण्याच्या थरथरीतून बॅसला जाणवतो, कारण त्याच्या दोन्ही कुशींवर पाण्याची हालचाल टिपणाऱ्या संवेदनांची रेषा असते. अर्थात याला मर्यादा आहे. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस सगळीकडे दिसू लागला की लहान होडीने काठ गाठावा.

पावसाचं गणित ऋतूप्रमाणे फिरतं. मी रायगडात खाडीकाठी वाढलो. मृगाच्या पहिल्या पावसात ओढ्यांतून भातखाचरांत चढणारी वलगण, म्हणजे विणीला निघालेले मासे, पकडायला आम्ही कंदील घेऊन रात्री निघायचो. आजोबा वर्षभर गरवायला जायचे, पण त्या रात्री गरी घरीच ठेवायचे. मासे पाण्याच्या लोंढ्याला तोंड देऊन वर येतात, हे मी तिथे पाहिलं. बॅस काही विणीसाठी असा चढत नाही. पण नवं पाणी जिथून तलावात शिरतं तिथे तो येतो, कारण ओढ्याच्या मुखाशी गांडुळं, किडे, छोटे मासे वाहून येतात. वसंतातला उबदार पाऊस उथळ पाण्याला ऊबही देतो. फेब्रुवारीतला बर्फगार पाऊस नेमकं उलट करतो, तेव्हा ओढ्याच्या मुखापासून दूर राहिलेलं बरं. तलावाची पातळी चढू लागली तर बॅस नव्याने बुडालेल्या झुडपांत शिरतो, उतरू लागली तर काठ सोडून जवळच्या खोल कडेला सरकतो. पाणी अगदी चहासारखं झालं तर गडद रंगाचं, आवाज किंवा थरथर करणारं आमिष लाकडाला खेटून टाकायचं.

बॅसच्या इतिहासातही पावसाचा हात आहे. 1967 मध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सन गावी रे स्कॉट नावाचा विमा विक्रेता मासे धरायला गेला होता. पावसाने त्याला पाण्यावरून हाकललं. हॉटेलच्या खोलीत बसून टीव्हीवर बास्केटबॉल बघताना त्याच्या मनात आलं, की मासेमारीच्याही अशा देशपातळीवरच्या स्पर्धा का असू नयेत? त्याच वर्षी जूनमध्ये आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर त्याने पहिली स्पर्धा भरवली, आणि आज बॅसभोवती उभा असलेला सगळा स्पर्धांचा व्याप तिथून सुरू झाला. पुढे पकडलेला मासा जिवंत सोडायची सवयही त्यानेच या लोकांत रुजवली. मला त्याचं हे दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं.

उन्हाळ्यात आकाशापेक्षा पाण्याचे थर महत्त्वाचे होतात. जून-जुलैत पृष्ठभाग तीस अंशांच्या पुढे जातो. गरम पाणी हलकं, ते वर तरंगतं. गार पाणी जड, ते खाली राहतं. दोहोंच्या मध्ये एक पातळ थर असतो, जिथे काही हातांत तापमान झपकन उतरतं. पोहताना पाय खाली गेल्यावर एकदम गार लागतं ना, तेच ते. आपल्याला वाटेल, बॅस त्या गार पाण्यात जाऊन बसत असेल. पण खालचं पाणी महिनोन्महिने वर येत नाही, हवेला भेटत नाही, आणि तळाशी कुजणारा पाला त्यातला प्राणवायू खाऊन टाकतो. त्यामुळे मासा त्या थराच्या वरच अडकतो. ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणारं 'सोनार' यंत्र होडीवर असतं, त्याच्या पडद्यावर हा थर धूसर रेघेसारखा दिसतो. तिच्याखाली आमिष टाकणं म्हणजे रिकाम्या घराचं दार वाजवणं. त्यातच गरम पाण्यात मुळात प्राणवायू कमी मावतो: वीस अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, तीस अंशांना साडेसात. म्हणून ऑगस्टमध्ये इथले जाणते लोक रात्री किंवा पहाटे जातात, आणि पकडलेला मासा फोटोसाठी हातात धरून ठेवत नाहीत. त्या दिवसांत त्याचा दम लवकर संपतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वरचं पाणी गार होत खालच्याइतकं झालं की थर मोडतात आणि सगळा तलाव घुसळला जातो. पाणी मळकट दिसतं, कधी कुजक्या अंड्यासारखा वास येतो. मासेमारी काही दिवस ढेपाळते, मग सावरते आणि वर्षातला एक सुंदर हंगाम सुरू होतो, कारण शॅडचे थवे ओढ्यांत शिरतात आणि बॅस त्यांच्यामागे.

चंद्राच्या कलांवर पुष्कळ बोललं जातं. मला त्यात ठोस असं काही हाती लागलेलं नाही, म्हणून मी त्याप्रमाणे सुट्टी घेत नाही.

विजेबद्दल मात्र हात जोडून सांगतो. आघाडीच्या आधीचे तास चांगले म्हणालो, पण त्या तासांचा शेवट गडगडाटात होतो. आजकालच्या गळाच्या काठ्या कार्बन तंतूंच्या असतात, त्या वीज वाहून नेतात, आणि उघड्या पाण्यावर सर्वांत उंच टोक आपल्या हातातलं असतं. मेघगर्जना ऐकू आली की काठी खाली ठेवायची, काठाला यायचं, गाडीत बसायचं. शेवटच्या गर्जनेनंतर अर्धा तास जाईपर्यंत पाण्याकडे फिरकायचं नाही. मासे चावत असले तरीही.

निघण्यापूर्वी मी आजचा आकडा बघतो त्याहून जास्त वेळ गेल्या पाच दिवसांकडे बघतो. रात्री किती गार होत्या, वारा कुठल्या दिशेचा आणि किती काळ टिकला, ऊन किती तास पडलं. त्यावरून पाणी कुठे तापलं असेल आणि शॅड कुठे लोटले गेले असतील याचा कयास बांधता येतो.

गेल्या मार्चमध्ये तो फोन आला तेव्हा शुक्रवार कुणालाच जमला नाही. रविवारीच निघालो, घराजवळच्या तलावावर. निळं आकाश, उत्तरेचा बोचरा वारा. मी सगळ्यांना दुपारी एकपर्यंत जेवणं उरकू दिली. मग नऊ वर्षांच्या एका मुलीला घेऊन झाडीच्या आडोशाच्या उत्तर काठावर गेलो, जिथे सकाळपासून ऊन खडकांवर पडत होतं. हात बुडवला तर पाणी मघाच्या काठापेक्षा स्पष्ट ऊबदार. तिला लहानसा किडा बांधून दिला आणि खडकाच्या सावलीलगत टाकायला सांगितला. "काका, काहीच होत नाहीये." थांब म्हटलं. तिने तीनदा टाकला, चौथ्यांदा दोरी हळूच बाजूला सरकली. मासा तेरा इंचांचा निघाला. राज्याचा नेहमीचा नियम किमान चौदा इंचांचा आहे, हे तिला सांगितलं. तिने ओल्या हाताने त्याचा खालचा ओठ धरला, पाण्यात टेकवला आणि तो शेपटी मारून खडकाखाली गेला.